माळ्यावरच्या ट्रंकेचं पुढे काय?

ज्यांना इअरफोन घालून चाळीस मिनिटं बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केली आहेत, दोन-तीन ठिकाणी माहिती वाढवली आहे. बाकी बोललो तेच.

या भागाचं निमित्त म्हणजे कात्रजहून आलेला एक मेसेज. पाठवणारे काका पंच्याहत्तरीचे. पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा त्यांनी कात्रजला टू बीएचके घेतला. वाड्यातून जे सामान आलं त्यातलं निम्मं काकांच्या छंदाचं. काडेपेट्यांचे छाप, नाणी, गाण्यांच्या जुन्या तबकड्या, टपाल तिकिटं. मेसेजमध्ये एवढंच होतं: "मुलगा टोरोंटोला, मुलगी नाशिकला. दोघांनाही यात रस नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी गेल्यावर हे सगळं कुठे जाईल, एवढं सांगा."

मी उत्तर टाइप करायला बसलो आणि तीनदा खोडलं. "म्युझियमला द्या" असं लिहून मोकळं होता येतं, पण ते उत्तर नाही. शेवटी एका शनिवारी त्यांच्या घरीच गेलो.

काकूंनी चहा देता देता सांगून टाकलं, "हे गेले की मी दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याला फोन करणार." काकाही हसले, मीही हसलो. नंतर काका आतल्या खोलीत ट्रंक उघडायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला यातलं काहीच कळत नाही हो. चुकून चांगलं ते टाकलं गेलं, तर ते माझ्या डोक्यावर ना?"

मला वाटतं, खरा प्रश्न काकूंचा आहे. गेलेला माणूस सुटतो. मागे राहिलेल्यांना, तेही अगदी त्याच महिन्यात, एकेक खोका उघडून ठेवायचं की टाकायचं हे ठरवावं लागतं. तेव्हा हा भाग जेवढा काकांसाठी तेवढाच काकूंसाठी.

आधी कायद्याचं, कारण ते लवकर उरकतं. काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होतं? हिंदू कुटुंबात पत्नी, मुलं, मुली आणि हयात असेल तर आई, यांचा मालमत्तेवर समान हक्क येतो. मालमत्तेत फ्लॅट आला, तशी माळ्यावरची ट्रंकही आली. म्हणजे नाशिकच्या मुलीला उद्या वाटलं की बाबांचा संग्रह एखाद्या संस्थेला देऊ, तर भावाची आणि आईचीही संमती लागणार. भांडण होईलच असं नाही, पण संस्था हा प्रश्न विचारते आणि तिथेच गाडी अडते.

मृत्युपत्र करणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. संग्रहाची यादी वेगळी ठेवा आणि मृत्युपत्रात तिचा उल्लेख करा, म्हणजे कोणती यादी याबद्दल शंका राहणार नाही. फ्लॅट आणि ठेवींचा प्रश्न असेल तर वकिलाला दाखवाच.

पण काकांना मी दुसराच रस्ता आधी सुचवला: जे द्यायचं ते हयातीतच द्या. जंगम वस्तूचं बक्षीस नुसत्या प्रत्यक्ष ताब्यानेही पूर्ण होतं. तुम्ही दिलं, त्यांनी घेतलं, झालं. दोन ओळींची पावती घेतली म्हणजे पुरे. मृत्युपत्राला जे साधत नाही ते इथे साधतं: घेणाऱ्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला देणारा समोर असतो.

पुण्यात याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कात्रजहून सातारा रोडने स्वारगेट, तिथून बाजीराव रोडला लागलात की राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांचा (१८९६–१९९०) धंदा चष्म्याचा, आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली. गोळा केलं काय, तर अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दारं, वाद्यं. राजेरजवाड्यांच्या तलवारी कोणीही जमवेल, यांनी घराघरातलं वापरून झालेलं जमवलं. आता जरा विचार करा, या वस्तू त्यांच्यापर्यंत आल्या कशा? बऱ्याचशा अशाच घरांतून, जिथे आजोबा गेले आणि नातवांना त्या नको होत्या. एका अर्थी ते संग्रहालय म्हणजे इतरांच्या माळ्यांचा हिशेबच आहे.

केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. आणि केळकरांनी हा संग्रह मरणानंतरसाठी राखून ठेवला नाही, हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यानंतरही ते अनेक वर्षं होते. कोणती वस्तू कुठली हे विचारायला माणूस समोर होता. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि मांडलेल्या असतात साधारण अडीच हजार.

हा आकडा काकांना सांगितल्यावर ते गप्प झाले. कारण प्रत्येक संग्राहकाच्या मनात एक चित्र असतं: एक दालन, काचेची कपाटं, भिंतीवर नावाची पाटी. केळकरांसारख्या माणसाच्या वस्तूंतल्याही बहुतेक कोठारात असतात, तर तुमच्या-माझ्या असणारच. मी म्हणतो, त्यात वाईट काय आहे? चांगलं कोठार म्हणजे अडगळ नव्हे. वस्तूला क्रमांक असतो, दाखल-नोंदवहीत ओळ असते, आणि अभ्यासाला कोणी आलं तर ती काढून दाखवता येते. माळ्यावर यातलं काय आहे?

पाटीचा आग्रह मात्र सोडावा लागतो. "हे कायम मांडून ठेवा", "हे सगळं एकत्रच ठेवा", "यातलं काही कधीच कोणाला देऊ नका" अशा अटी घातल्या की संस्था हात जोडते. जागा त्यांचीही तेवढीच. नावाचं म्हणाल, तर दाखल-नोंदीत 'अमुक यांच्याकडून भेट' एवढं लिहा अशी विनंती बहुतेकजण मानतात.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. इतिहासाचार्य राजवाडे. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी कागद गोळा केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने, पण पुढे ते मंडळापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा जवळचे कागद धुळ्यातच. तिथल्या मंडळींनी काय करावं? अवघ्या काही दिवसांत, १९२७ च्या जानेवारीत, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. ते आजही आहे. पण यातलं नशीब बघा. माणूस राजवाडे होता, म्हणून लोक धावले. आपल्यासाठी तेराव्याच्या आत कोणी मंडळ काढणार नाही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह हयातीतच दिला. १९१७ साली त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन संस्था निघाली, तिला तो मिळाला, आणि भांडारकर त्यानंतर आठ वर्षं जगले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत, ते दोघांच्या निधनानंतर आले. पण टाटांच्या घरी हे सांभाळायला माणसं होती आणि संस्था नव्याने उभी राहत होती, रिकामी दालनं वाट बघत होती. आज कोणत्याही संग्रहालयाची अडचण नेमकी उलटी आहे.

परदेशातलं एकच सांगतो, कारण त्यातली युक्ती घेण्यासारखी आहे. लंडनचा डॉक्टर हान्स स्लोन १७५३ साली वारला. त्याच्याकडे सत्तर हजारांच्या वर वस्तू होत्या. मृत्युपत्रात त्याने लिहिलं, की हे सगळं देशाला द्या, मात्र माझ्या मुलींना वीस हजार पौंड द्या. आणि इंग्लंडने नाही म्हटलं तर? तर परदेशातल्या अमुक-अमुक अकादमींना विचारा, अशी क्रमवार सोय केलेली. पार्लमेंटने घेतलं, आणि त्यातून ब्रिटिश म्युझियम झालं. आपण वीस हजार पौंड सोडून देऊ. पण 'पहिल्याने नाही म्हटलं तर दुसरा कोण, दुसऱ्याने नाही म्हटलं तर तिसरा कोण' हे लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत.

तर परत कात्रजला. काकांचा संग्रह आम्ही दिवाणावर मांडला आणि तेव्हा एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली. काडेपेट्यांचे छाप त्यांनी शाळेच्या वह्यांत चिकटवलेत, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहिलंय: मिरज स्टेशन, अमुक साल. मामाकडून. पंढरपूर, यात्रेत सापडली. विमकोच्या अंबरनाथ कारखान्यातले छाप एका वहीत, शिवकाशीचे दुसऱ्या, आणि काही फार जुने स्वीडन-जपानमध्ये छापलेले, देवादिकांची चित्रं असलेले. बाजारात या वह्यांना किती येतील? फार नाही. पण कोणता माल कोणत्या वर्षी कोणत्या गावात विकला जात होता, हे त्या पेन्सिलीच्या ओळींमुळे कळतं. हा संग्रह फोडू नये असं मला वाटलं. छाप वेगळे काढून विकले तर ओळी मरतात.

नाण्यांचं याच्या उलट. नाणी बरीच, काही चांगली, पण सगळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. कोणतं कुठून आलं, अस्सल कोणतं, मित्राने गळ्यात मारलेलं नकली कोणतं, हे फक्त काकांच्या डोक्यात. हा जो नकलीचा भाग आहे ना, तो कुटुंबाला फार महागात पडतो. गेल्यावर नकली वस्तू अस्सल म्हणून विकायला जाते बिचारी बायको, आणि लोक तिच्याकडेच संशयाने बघतात.

काकांना लिहायचा कंटाळा आहे, हात कापतो. म्हणून आम्ही पॉडकास्टवाल्यांचा उपाय केला. प्रत्येक पिशवीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, आणि फोनचा रेकॉर्डर सुरू. "क्रमांक सात. हे १९८१ साली जुन्या बाजारात घेतलं, साठ रुपयांना. यातलं कडेचं नाणं खोटं आहे, मला नंतर कळलं." एका बैठकीत चाळीस पिशव्या झाल्या. मुलीने नाशिकहून ते ऐकून टाइप करायचं कबूल केलंय. (तिने मला नंतर फोन केला. म्हणाली, बाबांचे एवढे किस्से मी कधी ऐकलेच नव्हते. असो.)

आता सावधगिरीच्या तीन जागा.

काकांचा मुलगा म्हणाला होता, "नाणी लहान आहेत, पुढच्या वेळी बॅगेतून घेऊन येतो टोरोंटोला." हे करू नका! १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पंचम जॉर्जच्या १९१८ च्या चांदीच्या रुपयालाही आता शंभर वर्षं उलटली आहेत. महत्त्वाच्या हस्तलिखितांना हीच मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची. शिवाय शंभर वर्षांवरच्या मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या या प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. काकांच्या देवघरात आजोबांची एक पोथी निघाली, पण तिच्यात चित्रं नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

दुसरी जागा प्राण्यांच्या वस्तूंची. हस्तिदंती फणी, शिंगं, वाघनखाचं पदक, पेंढा भरलेलं काही. बऱ्याच जुन्या घरांत असतं. वन्यजीव कायद्याखाली येणारी अशी वस्तू वारशाने आली तर ९० दिवसांच्या आत वनखात्याकडे, म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, ते जाहीर करावं लागतं. विकता येत नाही. 'आजोबांचं आहे, जुनं आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. फुलपाखरं किंवा शंख-शिंपले जमवणाऱ्यांनीही यादी तपासावी, त्यातल्या काही जाती संरक्षित आहेत.

तिसरी पैशाची. इंटरनेटवर 'या पाच रुपयांच्या नोटेचे पाच लाख' असलं काहीतरी फिरत असतं आणि घरच्यांचे डोळे लकाकतात. विकून देतो म्हणून आधी कमिशन किंवा कर मागणारा फोन आला की समजा फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे फोन येत होते म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः खुलासा केला होता, की आम्ही यात कुठेही नाही. खरी किंमत काढायची तर दोन वेगवेगळ्या जाणकारांना विचारा. आणि एक पथ्य: किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको. काकांनी एका जुन्या नाणेमित्राचं नाव सुचवलं, चांगला माणूस आहे म्हणाले. मी म्हटलं, असेल. मग तो सल्लागार राहू दे, खरेदी दुसरा कोणी करू दे. हे मित्राच्याही सोयीचं आहे.

टपाल तिकिटांबद्दल वाईट बातमी काकांना आधीच माहीत होती. सत्तर-ऐंशीच्या दशकानंतरची तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हरं इतक्या लोकांनी जमवली, की बहुतेकांना छापील किमतीच्या वर फारसं कोणी देत नाही. सोसायटीतल्या एका शाळकरी मुलाला काकांनी त्यातले तीन आल्बम त्याच संध्याकाळी देऊन टाकले. संग्रह कुठे जावा याची उत्तरं शोधताना हे उत्तर आपण विसरतोच. दहा वर्षांच्या पोराला दिलं तर तो पुढची साठ वर्षं सांभाळेल, किंवा दोन महिन्यांत कंटाळेल. दोन्ही चालतं.

मग बाकीचं कुठे? इथे मात्र 'म्युझियम' हा एकच शब्द पुरत नाही, प्रत्येक प्रकाराचं घर वेगळं. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, नाण्यांच्याच अभ्यासाची. मुलगी नाशिकला, तेव्हा सोयीचंच. तबकड्यांसाठी मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग असतील, म्हणजे जी बाजारात कधी आलीच नाहीत, तर ती तबकड्यांपेक्षा मोलाची. त्यासाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत अभिलेखागार आहे. आता गुरुग्रामला असलं तरी १९८२ मध्ये ते पुण्यातच सुरू झालं होतं. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह असेल तर पुण्यातच आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय, कीटक-प्राण्यांसाठी आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण केंद्र. मात्र गोळा केल्याची जागा आणि तारीख लिहिलेली नसेल तर तिथे कोणी हात लावत नाही, फूल कितीही सुंदर असो.

पुस्तकांचं सांगायला मला जड जातं, पण ग्रंथालयं आता सरसकट घेत नाहीत. त्यांच्याकडे तेच कादंबऱ्यांचे संच चार-चार आहेत. मासिकांचे जुने अंक, स्थानिक पुस्तिका, गावच्या संस्थांचे अहवाल यांना कधीकधी जागा मिळते. आपल्याला जे रद्दी वाटतं ते त्यांना हवं असतं आणि उलट.

घरातच ठेवायचं असेल तर? होऊ शकतं, पण घरातल्या कोणाला तरी तेच वेड हवं. कोथरूडला जोशींचं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, भाऊ जोशींच्या छंदातून झालेलं, १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. पुढच्या पिढीने ते चालू ठेवलं. मात्र तिथे मुलांना गाड्या आवडतात. काकांच्या मुलांना छाप आवडत नाहीत, आणि काका ते मोकळेपणाने मानतात, यात त्यांचा मोठेपणा आहे. "बाबांची आठवण म्हणून ठेवायचंच" असं ओझं मुलांवर टाकलं की तो संग्रह माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जातो, एवढंच.

संस्थेला विचारायचं कसं, तर खोके घेऊन दारात जायचं नाही. दोन पानांची यादी, दहा-बारा चांगले फोटो, संग्रह कसा जमला याचा एक परिच्छेद, आणि सरळ प्रश्न: यातलं तुम्हाला काय उपयोगाचं आहे? थोडंच हवं असेल तर थोडं द्या. घेताना ते काय लिहून देणार, न लागणाऱ्या वस्तू परत देणार की दुसरीकडे पाठवणार, वाहतूक कोण करणार, हे तेव्हाच बोलून घ्या. उत्तराला महिने लागतात. म्हणूनच हे पंच्याहत्तरीला करायचं, आयसीयूच्या बाहेर बसून नाही. आणि तोपर्यंत वस्तूंवर सेलोटेप लावू नका, हात जोडून सांगतो.

काकांनी काय ठरवलं? छापांच्या वह्यांची यादी आणि बारा फोटो एका संग्रहालयाला पाठवले, अजून उत्तर नाही. नकार आला तर पुढची दोन नावं लिहून ठेवली आहेत. नाण्यांची रेकॉर्डिंग पूर्ण व्हायला आणखी दोन शनिवार लागतील. तबकड्यांचं ठरत नाही, कारण काका अजून रोज संध्याकाळी एक तरी लावतात, आणि त्या हयातीत द्या असं सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

काकूंसाठी एक पान वेगळं केलं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. हिरवी ट्रंक: वह्या, फोडू नये, मुलीला विचारून. लोखंडी पेटी: नाणी, क्रमांकाप्रमाणे, यादी मुलीकडे. तबकड्या: मुंबईच्या संस्थेला फोन, नंबर खाली. खिडकीखालचे दोन खोके: यात काही विशेष नाही, खुशाल रद्दीत द्या. ही शेवटची ओळ लिहायला काकांना सगळ्यात जास्त वेळ लागला. काकूंनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग हे दोन खोके आत्ताच देऊ का?"

काका म्हणाले, "एकदा बघतो आणि देतो."